उतरलेली तार

लातूर, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८६२

चि. शेषेराव भावजीस वहिनी गुणाबाईचा आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वर मला गं. भा., गंगा भागीरथी, लिहितोस. दोन दोन नद्या माझ्या नावावर, अन् घागर घेऊन आडावर मलाच जावं लागतं. असो.

तुम्ही आता साहेबाचं ज्याझ अन् शिनिमातली गाणी बसवून राहिलात म्हणं. दत्तोपंत तर पानबी विलंबित लयीत चघळतात, त्यांच्या सतारीला नाचवशील कसा? शिवप्पाच्या सारंगीला रडायचीच सवय, तिला आधी हसायला शिकवा. संक्रांतीनंतर सिकंदराबादच्या क्लबात वाजवायचं हाय, फिडलशिवाय जमत न्हाई, म्हणून तुझ्या दादाची फिडल मागतोस. तुझा दिलरुबा तुमच्यात नव्यानं आलेल्या मार्तंडाला देऊन फिडल तूच घेणार, हे बरं. दुसऱ्या कुणाला मी दिली नसती.

पर एक ऐक. साहेबाच्या गाण्यासाठी चारी तारा नव्यानं लावाव्या लागतात, असं लिहिलंस. खुंट्या पिळू नको. तुम्ही चौघं ओसरीवर बसलात की आधी तुझे दादा तार छेडायचे, अन् तुम्ही तिघं त्यावरून आपापला सूर लावायचात. तो सूर कानी आला की मी चहाचं आधण टाकायची. ते जाऊन साल उलटलं. खुंट्यांवर अजून त्यांचाच हात हाय. दिवेलागणीला दार लोटून मी ती तार छेडते अन् आधण टाकते. दोन कपांचं. दुसराबी मीच पिते, मग झोप येत न्हाई.

आपल्या गल्लीतला गुंडप्पा कापसाच्या कामानं नांदेडला येतोय, त्याच्याजवळ फिडल दिलीय. खुंट्या दोऱ्यानं बांधल्यात. तुम्हीच तिच्यावरून सूर लावा, पहिल्यासारखा.

लोभ ठेव. उसना दिलेला लोभ मी परत मागत न्हाई.

गुणाबाई


नांदेड, पौष शुद्ध पंचमी

ती. गं. भा. वहिनीस शेषेरावचा साष्टांग नमस्कार वि. वि.

नद्या काढल्या तर आई रागावेल, म्हणून राहू दिल्यात. फिडल सुखरूप पोचली. गुंडप्पानं आगगाडीत ती मांडीवर घेतली होती. डब्यातले लोक विचारून राहिले, लेकरू आजारी हाय का.

दोरा सोडला न्हाई. तशीच तार छेडली. वहिनी, ती लई खाली उतरलीय. आम्ही सतार, सारंगी, दिलरुबा, सगळं तिच्यापर्यंत खाली आणलं अन् ज्याझ वाजवलं. नाचायचं गाणं मयतीतल्यावाणी निघालं. दत्तोपंत सतार ठेवून बाहेर गेले, ते लवकर आत आले न्हाईत.

कसं लिहावं कळंना. आतड्याची तार हवेनं आपोआप सैल पडते. दादाचा सूर तिच्यात राहिलेला न्हाई. शिवप्पा म्हणाला, छान वाजलं म्हणून लिही. पर मला अक्षरं तुम्ही गिरवायला लावली, तुम्हालाच खोटं कसं लिहू? क्लबाला नको म्हणून कळवतो. फिडल परत पाठवू का?

आपला लोभ हाय, तेवढाच आधार.

शेषेराव


लातूर, पौष शुद्ध द्वादशी

चि. शेषेरावास आशीर्वाद वि. वि.

तुला वाटलं, वहिनीला कान न्हाईत? लग्न होऊन आले तेव्हापासून तो सूर ऐकला. तार सैल पडतेय ते मला कधीच कळलं होतं. रोज जराशी खाली. मीबी तिच्यासंगं गुणगुणत खाली जायची, म्हणजे फरक कळू नये. एवढ्या खाली एकटीला भ्या वाटायला लागलं. म्हणून दोरा बांधला. म्हटलं, एकदा तुम्ही तिघंबी इथवर या.

आलात. लई झालं. आता वर जा. दोरा तोड, खुंट्या पीळ. क्लबाला नको म्हणलास तर नांदेडला येऊन तुझे कान पिळीन. तुझे दादा वरातीतल्या बँडमागं गल्लीभर जायचे, नवरदेवाला विसरून. साहेबाचं गाणं त्यांनीच आधी उचललं असतं.

कालबी दिवेलागणीला हात फिडलच्या कोनाड्याकडं गेला. कोनाडा रिकामा. आधण कवा टाकावं तेच सुचंना. शेजारच्या रुद्राणीनं दिवा लावायला हाक मारली, तवा उठले.

क्लबात कोणत्या वेळेला वाजवणार ते कळव. त्या वेळेला मी आधण टाकीन. एकाच कपाचं.

दत्तोपंतांना नमस्कार. लोभ ताणून ठेव, सैल पडू देऊ नको.

गुणाबाई