चेनचं तेल आणि दवाखान्याचे कोट

३ तारीख, सोमवार
दवाखान्याचे कोट परत आले! पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे — आणि एका बाजूला काळे ठिपके. नर्सबाई म्हणाल्या, "परत असं झालं तर काम दुसऱ्या लॉन्ड्रीला देऊ." आमचं दुकान ह्या कोटांवरच चालतं. आणि गुन्हेगार कोण? मोटरसायकलची चेन! आमच्या ह्यांनी तिला इंजिनाचं जुनं तेल पाजलंय, वाटीभर. चाक फिरलं की उडतं थेट गाठोड्यावर. अर्धं तर टायरवरच ओतलेलं.

"डोळे फुटलेत का तुमचे?"

"अगं, चेन कोरडी राहू नये."

चेनची केवढी ती काळजी! बायको कोरडी पडली तरी चालेल.

४, मंगळवार
मेकॅनिककडे गेले. म्हणाला, "मावशी, जुनं तेल उडणारच. ग्रीस थापाल तर धूळ चिकटून नुसता चिखल. चेनचा स्प्रे घ्या." लाल डबा दिला. त्यावर सगळं इंग्रजी. माझी शाळा चौथीतच उरकली, म्हणून ह्यांच्या हातात दिला. हे दहावी पास! डबा लांब धरला, जवळ धरला, मग ऐटीत म्हणाले — "लिहिलंय, भरपूर मारा आणि लगेच निघा."

वा. घरात विद्वान असला की कसं बरं पडतं.

५, बुधवार
परत ठिपके. मेकॅनिक पोट धरून हसला. "कुणी वाचलं हो, मावशी? आधी रॉकेलने चेन धुवायची, पुसायची. मग चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने थोडंसं मारायचं. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी जास्तीचं पुसून टाकायचं."

दहावी पास म्हणे!

कोटांचे डाग मीच काढले. पावडर चोळून, भांड्यांच्या साबणाने. हाताची सालं निघाली.

७, शुक्रवार
काल संध्याकाळी जुन्या दातांच्या ब्रशने चेन मीच घासली. ह्यांना म्हटलं, फक्त स्प्रे मारा, तेवढं तरी जमेल. आज बघते तर चेन पांढरी, कडक! कपड्यांच्या खळीचा स्प्रे मारलाय! फळीवर दोन डबे — चेनचा लाल, खळीचा निळा.

"गडबडीत झालं गं."

"मग आता इस्त्रीपण फिरवा तिच्यावर! घडी घालून देते."

८, शनिवार
अबोला धरलाय. गाठोडं घेऊन ह्यांच्या मागे बसले. एरवी वाटभर माझं तोंड चालू असतं — खड्डा! कुत्रं! लाल दिवा! हे म्हणतात, "तू बडबडत राहा, बरं वाटतं." आज तोंडाला कुलूप. आणि गाडी गेली सरळ भाजीच्या हातगाडीत! भरदिवसा! लागलं कुणाला नाही, टोमॅटो सोडून. कोट लालभडक. भाजीवाला जे बोलला ते लिहवत नाही.

हे म्हणाले, "चेन अडकली."

हो तर! बिचारी चेन, सगळं तिच्या माथी.

नर्सबाईंनी सांगून टाकलं — सोमवारी स्वच्छ कोट आणा, नाहीतर येऊच नका.

९, रविवार
कोट धुतले. चेनही मीच धुतली, मीच स्प्रे मारला. कुणाला हात लावू दिला नाही.

१०, सोमवार
सकाळी जास्तीचं तेल पुसलं. चेन आता कशी गुपचूप फिरते! कोटांना इस्त्री करताना ह्यांना म्हटलं, "अहो, खळीचा डबा द्या." हे फळीपाशी गेले. मी सहज वर पाहिलं. ह्यांनी लाल डबा उचलला, टोपण काढलं, वास घेतला. ठेवला. निळ्याचा वास घेतला. मग तो घेऊन आले, ऐटीत.

मी डबा घेतला, कोटांना खळ मारली.

गाडीची किल्ली माझ्याकडे ठेवली. कोट डोक्यावरून चालत नेले. एकही ठिपका नाही, नर्सबाई खूश. त्यांना विचारलं — तुमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात?