रंगाखालचा बोल्ट

चिंचवड,
सोमवार, ता. ७ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप ज्योतीरामदाजींना चिमाजीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, पण तोंड थांबलेलं नाही, म्हणजे तब्येत ठीकच समजायची. ताईच्या प्रकृतीचं कळवावं. तुमचा बार्शीचा पत्ता ताईनं आईला धाडलेल्या कार्डावरून उतरवून घेतला. माझं अक्षर पाहून पत्र बाजूला सारणार असाल तर आधी एवढं वाचा: दौलतरावांच्या लाल एम.जी. गाडीचं दुखणं सापडलं. आता पुढचं वाचल्याशिवाय तुम्हाला राहवायचं नाही, मी तुम्हाला ओळखून आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी चार माणसं ती गाडी ढकलत आपल्या गॅरेजच्या पत्र्याखाली घेऊन आली. मागून खडकीचे आपले रिटायर मेजर दौलतराव, हातात टोपी. अपघातातला खांदा सांधला आहे, पण हात अजून पुरता वर जात नाही. दोन वर्षांत त्यांनी मुंबईला तिचं वायरिंग दोनदा नवं करून घेतलं. बॅटरी नवी, डायनामो नवा. गाडी महिनाभर नीट चालते, मग स्टार्टर कण्हायला लागतो, दिवे लाल पडतात. दोन वर्षांपूर्वी रात्री वडगावच्या वळणावर गाडी ज्वारीच्या शेतात शिरली, त्याआधी पडले होते, अगदी तसेच. म्हणाले, "चिमाजी, या खेपेला नाही जमलं तर भंगारात देऊन टाकतो."

सगळ्या वायरी नव्या आणि दुखणं जुनंच, हे ऐकताना मी दौलतरावांची नजर चुकवली. का ते पुढे लिहितो.

खंडेनवमीला हत्यारं पुजली, गाडीलाही झेंडूची माळ घातली. ती ढिम्म. दसरा झाला तरी मी तिच्याखालीच. आई म्हणाली, "सोनं तरी लुटून ये, का गाडीखालीच जन्म काढतूस?" दाजी, तुमचा तपासणीचा दिवा, तो होल्डरला दोन वायरी जोडलेला, तुम्ही खिळ्यालाच ठेवून गेलात. मी तो कुणाला शिवू दिलेला नाही. तो घेऊन फ्यूज पाहिले, स्विच पाहिले, डायनामोपासून एकेक वायर बोटानं चाचपत गेलो. या विलायती बाईचं बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला, म्हणजे चासीच्या सांगाड्याला जोडलेलं, आपल्या लष्करी लिलावातल्या लॉऱ्यांच्या उलटं. तिथं कुणी घोळ घातला असेल म्हणून तेही पाहिलं. सगळं बरोबर. राग असा आला की पाना फेकला आणि मग तो शोधण्यात अर्धा तास गेला. तुम्ही हसत असाल तर हसा.

शनिवारी सकाळी बॅटरी चार्ज करून आणली आणि आत बसलो. एका हातानं चोक ओढला, दुसऱ्यानं स्टार्टर. दोन-तीनदा असं केलं आणि बोटं झटकन मागे घेतली. चोकची तार तापली होती. दाजी, चोकच्या तारेला आणि विजेला काय देणंघेणं? ती बिचारी नुसती झडप ओढणारी तार. मी फुंकर घालत बसलो आणि तुमचा आवाज कानात आला. मला पहिल्यांदा वायर सोलायला शिकवताना तुम्ही म्हणाला होतात, "चिमा, गेलेल्या करंटला परत यावंच लागतं. हमरस्ता बंद केलास तर तो गल्लीबोळातून येईल." इंजिन बसलंय रबरावर. परतीची वाट म्हणजे इंजिन आणि चासी यांच्यामधली ती तांब्याची विणलेली पट्टी. ती बंद असली की स्टार्टरचा सगळा करंट बारक्या चोकच्या तारेतून जाणार, आणि डायनामो कितीही फिरला तरी बॅटरीत काही भरायचं नाही. मग दिवे लाल पडतील नाही तर काय?

मी उठून नाचलोच. शेजारच्या चहाच्या हॉटेलातून गेनूला ओढत आणला, गाडीत बसवला. तुमच्या दिव्याची एक वायर इंजिनला लावली, दुसरी चासीला. दोन्ही एकच अंग, म्हणजे दिवा लागायलाच नको. गेनूला म्हटलं, ओढ. त्यानं स्टार्टर ओढला आणि दिवा लागला. मग बॅटरीची जाड वायर घेऊन इंजिनपासून चासीपर्यंत बांधली आणि पुन्हा म्हटलं, ओढ. दाजी, पहिल्या ओढीला इंजिन असं गरजलं की पत्रा थरथरला. मोठे दिवे लावले तर भर उन्हात पांढरे दिसले. आई पिठाचे हात घेऊन धावत आली, "पेटली का काय रं?" मी म्हटलं, पेटली नाही, जागी झाली.

गेनू खाली उतरला, वाकून बघायला लागला. ती पट्टी काळ्या रंगाखाली झाकलेली. वर रंग, बोल्टावर रंग, पट्टी बसते त्या जागेवर आतूनही रंग, आणि रंगातून करंट जात नाही. त्यानं विचारलं, "ही पट्टी काढून कुणी रंगवली व्हती रं?"

हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारला होतात. याच पत्र्याखाली, सगळ्यांच्या देखत.

आता लिहितोच. त्या साली खंडेनवमीच्या आधी तुम्ही लॉरी पोचवायला तळेगावला गेला होतात. पूजेला गाडी वरून-खालून चकचकीत दिसावी म्हणून मी ती पट्टी काढली, खाली दोन हात रंग दिला, तो ओला असतानाच पट्टी आवळली आणि वरून आणखी एक हात फिरवला. तुम्ही आलात, म्हणालात, "शाब्बास, अगदी नवरीसारखी नटवलीस." मी फुगलो. चार दिवसांनी तो अपघात झाला. दौलतराव झोळीत हात घालून आले आणि तुम्हाला म्हणाले, "असल्या अडाण्याच्या हाती गाडी दिली, मीच मूर्ख." तुम्ही म्हणालात, गाडी एकदा पाहू द्या. त्यांनी ती मुंबईला धाडली होती. मग तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "चिमा, मी नसताना तू काही काढलं होतंस?"

मी म्हटलं, नाही.

रंगानं असं होतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, ही शपथ खरी आहे. पण काढलं होतं, हे ठाऊक होतं. मी घाबरलो. तुम्ही डोळे न हलवता माझ्याकडे पाहिलंत, आणि संध्याकाळच्या गाडीनं ताईला घेऊन निघून गेलात. दोन भाऊबीजा माझं कपाळ कोरं गेलं. मला त्याची लाज वाटते आणि ती रोज वाटली आहे.

गेनूला मी सांगितलं, "मी रंगवली." त्यानं जाऊन इंजिन बंद केलं. आईला सांगितलं. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "मंग लिव की त्यास्नी. माझ्याकडं काय बघतूस?" काल रविवारी दौलतराव आले. त्यांनाही वाकून तो बोल्ट दाखवला आणि कुणाचा हात ते सांगितलं. मला वाटलं, काठी उचलतील. ते बॉनेटवर हात टेकून उठले. मग म्हणाले, "ज्योतीरामला मी नको ते बोललो. पत्ता दे, मी जाऊन येतो." मी म्हटलं, आधी मला लिहू द्या.

दाजी, बांधून पाहिलेली वायर मी सोडून ठेवली आहे. रंग खरवडलेला नाही. गाडी पत्र्याखाली उभी आहे आणि जो विचारील त्याला मी खाली वाकवून तो बोल्ट दाखवतो. काल सहा जणांना दाखवला. दौलतराव म्हणतात, ज्योतीराम येऊन आवळेल तेव्हाच गाडी नेईन. भाऊबीजेला अडीच आठवडे आहेत. तुम्ही यावं असं म्हणायचा मला हक्क नाही, पण ताईला तरी धाडा. पाट मी मांडणार आहेच.

तुमचा दिवा पुन्हा खिळ्याला लावला आहे.

तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत तेव्हा खोटं बोललेला,
तुमचा मेहुणा
चिमाजी