वहीतली खरी वाक्यं

देवळाली प्रवरा,
३ डिसेंबर २०२४

चि. आरती,

तुला आणि इराला खूप आशीर्वाद. इथे सगळं ठीक. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, अंगणात धूळच धूळ.

फोनवर तू एवढंच म्हणालीस, "इराला फिनिशच येतं. तू तिच्याशी बोलणार काय?" म्हणून नातीसाठी फिनिश शिकायला घेतलंय. मिशनच्या शाळेत सिस्टर चुकलेला शब्द पन्नासदा लिहायला लावायच्या, तसं वहीत लिहिते. आइना म्हणजे नेहमी. उसेइन, पुष्कळदा. योस्कुस, कधीकधी. शेजारच्या कलाबाई हसतात, "बाई, ह्या वयात कसली परीक्षा? नोकरी लागनार हाय का?"

पुस्तकातल्या माणसांचा मात्र वीट येतो. नेहमी वेळेवर उठतात, पुष्कळदा आईला भेटतात, कुणाचं कधी वाईट करत नाहीत. धड्याखाली लिहिलेलं असतं, आता स्वतःबद्दल खरी वाक्यं लिहा.

परवा भिमाजी भावजी आले होते. बशीतला चहा फुरके मारत म्हणाले, "वहिनी, आरतीला सांगा की, आमच्या तुषारला तिकडं चिकटव म्हनावं." मला त्यांची किळस आली. तू तिकडच्या मुलाशी लग्न केलंस तेव्हा 'पोरगी मेली समजा' म्हणत, तुझ्या नावानं आंघोळ करायला सगळ्यांना परसात उभं करणारे हेच. तुझे बाबाही त्यांच्यात उभे राहिले. आता तेही नाहीत.

पण किळस भावजींपाशी थांबत नाही गं. तुला वाटतं, मी तेव्हा आत रडत होते. मीही तसंच वाटू दिलं. भावजी म्हणाले, "वहिनी, लई गारठा हाय, पानी जरा कोमट करा." आणि मी बंब पेटवला. लहानपणी तू ज्याच्याजवळ हात शेकत बसायचीस, तोच. बादल्या भरून दिल्या. टॉवेलसुद्धा दिले.

वहीत 'एइलेन', म्हणजे काल, या शब्दापुढे मी हेच लिहिलंय. 'कधीच नाही'पुढची ओळ अर्धीच आहे. 'मी माझ्या मुलीला कधीच' एवढं लिहिलं, पुढे खरं काही सुचेना.

इरा कधीतरी विचारेल, आजी इतकी वर्षं का बोलली नाही? उत्तर तू देऊ नकोस. ते वाक्य मी पन्नासदा लिहून पाठ केलंय. ओलिन पेल्कुरी. मी भित्री होते.

हे वाचूनही तिला फोनवर आणावंसं वाटलं, तर आण.

त्या दिवशी बंब पेटवणारी,
तुझी आई