चौथा माणिक

आंधळगाव, ४ ऑगस्ट २०२५

चि. रिता हिस आजीचे आशीर्वाद.

शेवटचं पत्र कधी टाकलं ते आठवते का? नाही आठवत. दगडाच्या उजेडाची नोंद ठेवते, आजीले विसरते. फोनवर मले आयकू येत नाही. पत्र कसं, दहादा वाचून घेता येते. हे तुझी आई लिहून राहिली. माझं कडू बोलणं ती गोड करते, म्हणून शेवटी सारं परत वाचायला लावतो.

ती म्हणते, तू पुण्याले माणिक फोडते. काहून? मी पंचेचाळीस वर्षं मागावर रेशमी कोसा विणला, पण चांगली वस्तू मुद्दाम नाही बिघडवली. समजेल असं लिही.

वाट पाहून मान दुखलेली,
आजी

पुणे, १२ ऑगस्ट

ती. आजीस रिताचा साष्टांग नमस्कार.

चुकले. हे माणिक दागिन्यातले नाहीत, कारखान्यात वाढवलेले नखाएवढे स्फटिक आहेत. हिरवा लेझर टाकला की ते स्वतः लाल उजेड देतात. यंत्रातून पाहिलं तर त्या उजेडात दोन लाल रेघा शेजारी-शेजारी दिसतात. मग नळीतून धातूची चकती सुसाट येऊन स्फटिकावर आदळते. त्याचा चुरा होण्याआधी, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात, त्या रेघा सरकतात. किती सरकल्या, त्यावरून आतला दाब कळतो.

आतापर्यंत चार फोडले. तिघांत दोन रेघांमधलं अंतर वाढलं, चौथ्यात कमी झालं. धडक तेवढीच, उजेड वेगळा. सर म्हणतात, चौथा वगळ, लेख पाठवून दे. म्हणजे मला दिवाळीला घरी येता येईल. पण वगळायला हात धजत नाही. डबीत दोनच उरलेत.

तुझ्या रागाचीही सवय असलेली,
रिता

आंधळगाव, २१ ऑगस्ट

चि. रिता हिस आशीर्वाद.

अर्धं समजलं, अर्धं तुझ्या आईलेही नाही समजलं. पण एक सांगतो. ती लग्न होऊन आली त्या साली माझ्या हातून एक लुगडं बिघडलं. दोन जागचा कोसा होता. ओळखू यावा म्हणून लच्छ्यांले वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्या बांधल्या होत्या. उकळताना त्यांचा रंग कोशाले लागेल म्हणून मी त्या कापून टाकल्या. मग दोन्ही कोसे सारखेच दिसायला लागले. विणून झाल्यावर उन्हात धरलं तं मधात वेगळाच पट्टा चमके. आठ दिवस मी उकळायच्या तलावाच्या पाण्याले शिव्या देल्या. दोऱ्या मीच कापल्या, हे नवव्या दिवशी मी तुझ्या आबाजीले सांगितलं.

तू तं माझ्याहून जास्त धुवणारी-पुसणारी. तुझ्या दगडावर काही खूण होती का वो?

लोभ कमी नाही, शंका जास्त,
आजी

पुणे, २८ सप्टेंबर

ती. आजीस नमस्कार.

होती. प्रत्येक स्फटिकावर तो कसा कापलाय ते सांगणारी पेन्सिलीची बारीक खूण होती, आणि फोडण्याआधी स्फटिक स्वच्छ असावेत म्हणून सगळ्या मीच पुसल्या. उरलेले दोन तपासले. एक उभा कापलेला निघाला, एक आडवा. दोन्ही फोडले. आडवा त्या तिघांसारखा वागला, उभा चौथ्यासारखा. म्हणजे चौथा खोटा नव्हता. स्फटिक कोणत्या अंगाने दाबला, त्यावर उजेड बदलतो.

पण आधीच्या चौघांचा चुरा झालाय. त्यांतला कोणता कसा कापलेला होता, हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. सरांना खरं सांगितलं. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, नवे मागव, पहिल्यापासून कर. म्हणजे दिवाळी इथेच. आईला तूच सांग.

रिता

आंधळगाव, ६ ऑक्टोबर

चि. रिता हिस आशीर्वाद.

आईले सांगायचं काय, तिनंच वाचलं. वाचता वाचता थांबली, नाक पुसलं, अन् पुढचं वाचलं. मी काही रडली नाही. दिवाळी दरसाल येते.

तुझा सर तीन दिवसांत बोलला, म्हणजे माणूस बरा दिसते. तुझे आबाजी लुगड्यापायी महिनाभर बोलले नव्हते.

आता काम. अंजिराची बर्फी दोन डबे घे. काजूचे तुकडे टाकलेली नको, माझे दोनच दात उरले. एक डबा सरांपुढे ठेव. त्यांनी खाल्ली तं दुसरा मले पाठव. नाही खाल्ली तं दोन्ही पाठव.

आजी