द्वारकाबाईंच्या रेडिओतला कंडेन्सर

मी, अप्पाराव भिकाजी खरात, वय वर्षे एकोणसाठ, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार बदनापूर, तालुका जालना, जिल्हा औरंगाबाद, हा मृत्युपत्राचा लेख स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. छातीबद्दल डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले आहे. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. जगन्नाथ श्रीपाद परतूरकर याच्याबद्दल माझ्या मनात राग आहे, पण तो सोळा वर्षांचा जुना असल्याने त्यामुळे माझी अक्कल बिघडली असे कोणी समजू नये.

कलम पहिले. राहते घर, पडवी, दारचा लिंब आणि पोस्टातील बचत ही सर्व माझी पत्नी केशरबाई हिची. तिच्या परवानगीने मुलगा रामकिसन याने तिथे राहावे. पडवीच्या भिंतीवर रामकिसनने जगन्नाथाची पेपरातली कात्रणे चिकटवली आहेत. त्या भिंतीला तिने वाटेल तेव्हा चुना द्यावा. मी दोनदा डबा आणला होता, पण ती म्हणाली, "लई जळू नका, छातीला बरं न्हाई." म्हणून राहिले.

कलम दुसरे. माझा लाकडी पेटीचा रेडिओ वस्तीतल्या बुद्धविहाराला द्यावा. त्याची मागची फळी दोन स्क्रूंवर आहे. कोणालाही उघडता येते.

कलम तिसरे. दुकानाची वाटणी सांगण्याआधी दुकानाची हकीकत सांगणे भाग आहे, कारण औरंगाबादच्या एका साप्ताहिकाने ती भलतीच छापली आहे. 'मराठवाड्याचा ध्वनिसम्राट' असा मथळा, अर्ध्या पानाचा फोटो, आणि खाली मजकूर की जगन्नाथरावांनी कोणाच्याही मदतीशिवाय एकट्याने रेडिओविद्या साधली. त्याच पानावर उरलेल्या जागेत त्याच्या सुवाणी ट्रान्झिस्टरची जाहिरात आहे. आम्ही सात वर्षे एका बाकावर बसलो, तारा जोडायच्या एकाच तापल्या कावियाने डाग दिले. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे मी नाकारत नाही. फोटोत त्याचे केसही काळेभोर आहेत. आम्ही एका वयाचे आहोत.

गिऱ्हाइकाने स्टुलावर बसायचे, पेटी त्याच्या डोळ्यांसमोर उघडायची आणि काढलेला खराब पार्ट कागदाच्या पुडीत बांधून त्याच्याच हातात द्यायचा, ही आमच्या दुकानाची रीत. खेड्यातल्या माणसाला वाटायचे की मेकॅनिक चांगला पार्ट काढून घेतो; या रीतीने तो संशय गेला. ही रीत जगन्नाथाने घातली. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण स्तुती करावी अशी त्याची खरी गोष्ट हीच होती आणि पेपरवाल्याने नेमकी हीच गाळली.

मग त्याने जालन्याला कारखाना काढला. सुवाणीच्या पाठीवर तो लाखेचे सील मारतो. सील फुटले की गॅरंटी गेली. आत हलका कंडेन्सर घालतो, तो गॅरंटी संपली की वाळतो, आणि सेट त्याच्याच केंद्रात न्यावा लागतो. मी त्याला तोंडावर विचारले होते. तो हसून म्हणाला, "अप्पाराव, रेडिओ बिघडलाच नाही तर माणूस पुन्हा आपल्याकडे येईल कशाला?" हे त्या साप्ताहिकाला मी लिहून कळवले. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या अंकात जगन्नाथाचा आणखी एक फोटो आला.

मला त्याचा हेवा वाटतो. मोटारीचा नाही. रामकिसन त्याला "साहेब" म्हणतो तेव्हा त्याचा आवाज जसा होतो, त्याचा. माझा मुलगा दोन वर्षांपासून त्याच्याकडे नोकरीस आहे.

कलम चौथे. दुकान. गेल्या महिन्यात रामकिसन म्हणाला, "बाबा, साहेब आपलं दुकान मागू राह्यले. सर्व्हिस सेंटर करतो म्हन्ले. साहेबांनी पहिला रेडिओ हितंच बांधला, अशी संगमरवरी पाटी लावतो म्हन्ले. तुमचं बी नाव टाकू म्हन्ले खाली."

"खाली म्हंजी कुठं?"

"खालीच. बारीक."

मी त्या दिवशी जेवलो नाही. तरी दुकान, बाक, स्टूल व सर्व हत्यारे रामकिसनलाच देतो. दुसरा मुलगा मला नाही, आणि असता तरी यालाच दिली असती. फक्त एक काम त्याने आधी करावे.

माझ्या बाकाच्या खणात एक पुडी आहे. तीन वर्षांपूर्वी जगन्नाथाच्या आई द्वारकाबाई एकट्या बसने बदनापूरला आल्या होत्या. पदराखाली सुवाणी होता. स्टुलावर बसून म्हणाल्या, "त्याच्या केंद्रात दिला की महिनाभर परत येत नाही. मला सकाळची भजने हवीत. फोडा ते सील." मी फोडले. त्यांच्या घरी सोवळे असे, पण माझ्या दुकानातला चहा त्यांनी घेतला. निघताना जुना कंडेन्सर पुडीत बांधून दिला, तर म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू द्या. घरी कळायला नको." दुकानाच्या इतक्या वर्षांत परत न केलेला पार्ट तो एकच.

त्या असेपर्यंत मी तोंड उघडले नाही. कोणत्या पेपराला कळवायचे हे मला ठाऊक होते, आणि कळवावेसे वाटलेही होते. आता त्यांना जाऊन वर्ष झाले. पुडी त्यांच्या वारसाची आहे.

माझ्या पश्चात रामकिसनने जगन्नाथाला दुकानात बोलवावे. त्याने एकट्याने यावे, पेपरवाल्याला आणू नये. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून पुडी स्वतःच्या हाताने घ्यावी. पुडी कोणाची, हे रामकिसनने सांगावे आणि त्याच्या तोंडाकडे बघावे. मग दुकान विकायचे की चालवायचे ते रामकिसनने ठरवावे, माझी हरकत नाही. जगन्नाथ आला नाही, तर दुकान विकू नये.

आला तर त्याला चहा द्यावा. त्याला साखर जास्त लागते.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: अप्पाराव भिकाजी खरात

साक्षीदार:
१. साहेबराव तुकाराम म्हस्के, शेजारचे शिंपी. सही.
२. मालनबाई किसन साळवे, चहावाली. त्या दिवशी द्वारकाबाईंना चहा हिनेच आणून दिला होता. डाव्या अंगठ्याची निशाणी.

मुक्काम बदनापूर, तारीख २२ जानेवारी १९७८