सासूबाईंचा बर्फ

बुधवार, संध्याकाळ. रोहा

अजून हसू येतंय. थोरल्या ओमला लहानपणापासून डायबेटिस, म्हणून आज धाकट्या सईचं रक्त तपासणीला दिलं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्यातही आहेत का, ते बघणार. रक्त घ्यायला आलेली नर्स चहा पीत होती, तेवढ्यात मासळी विकणाऱ्या आमच्या सासूबाईंनी ती रक्ताची नळी उचलून थेट पापलेटांच्या बर्फात खुपसली!

"बर्फाबिगर ताजं कसं ऱ्हाणार गो?"

नर्सने कपाळाला हात लावला. "आजी, मासा मेलेला असतो. ह्या पेशी मुंबईच्या लॅबपर्यंत जिवंत पोचल्या पाहिजेत, बर्फात त्या मरतात."

म्हणजे पुन्हा सुई. सईने आधी कोळंबीचं कालवण कबूल करून घेतलं, मगच दुसरा हात पुढे केला. नवी नळी मात्र नर्स निघेपर्यंत सासूबाईंनी मुठीत धरली, पदराआड, उबेला.

लिहिताना तीच मूठ डोळ्यांसमोर येतेय. ज्या पेशी सईत नसाव्यात म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय, त्याच जगाव्यात म्हणून म्हातारी ऊब देत होती. काय म्हणावं ह्याला? आणि मीच शेजारी उभी राहून सांगत होते, "आई, घट्ट धरा!"