तंबूची जागा

आईस, पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत?

उद्या पाहुण्यांचं सामान घेऊन उंच डोंगर चढायचाय. आज मुक्कामाची जागा शोधायला मुकादमाने मलाच पुढे धाडलं. ओढ्याकाठची सपाट वाळू मला आवडली. मागून येऊन तो म्हणाला, "पाणी वाढलं की पोहत जाशील का, राजा?" मग वर एक उंचवटा सापडला. मुकादमाची रीत अशी, की जागा शोधणाऱ्याने आधी तिथे गप पडून बघायचं. मी पडलो आणि लगेच उठलो. तो हसला, "पायाला भिंगरी आहे रे तुझ्या!" तू म्हणतेस तसंच.

खरं सांगू? एवढ्या उंचीवर आल्यापासून आडवं झालं की डोकं ठणकतं. त्याला कळलं तर वर नेणार नाही, आणि मला तर कधी एकदा चढतो असं झालंय.

हे लिहिलं आणि तू माझ्या कपाळावर हात ठेवून बघतेयस असं वाटलं. थांब, त्याला सांगून येतो.

सांगितलं. म्हणाला, "वर जाऊन पडला असतास तर पाठीवरून कुणी आणायचं तुला, गाढवा?" उद्या मी इथेच, तंबू राखत.

बाबांना मात्र वर गेलो असंच सांग.

तुझा, सध्या एका जागी बसलेला,
पोरगा